प्रवाळाची छोटी टाकी : मीठ, उन्हाळा आणि बिल

वर्ध्याच्या कापड बाजारात गादीवर बसून कोणी समुद्राच्या गोष्टी करू लागला तर लोक हसतील. मुंबईचा किनारा आपल्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरांच्या वर आहे. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातले तरुण एक नवा धंदा विचारू लागले आहेत. काचेच्या लहानशा टाकीत खारे पाणी भरायचे, त्यात रंगीत प्रवाळ वाढवायचे आणि त्याचे तुकडे करून विकायचे. मोबाईलवर ही चित्रे फार सुंदर दिसतात. एक तुकडा दीड हजाराला घ्या, सहा महिन्यांत त्याचे चार होतील, असे सांगणारेही भेटतात.

माझा पुतण्या याच विचाराने माझ्याकडे आला. "बडे अब्बा, दुकानाच्या मागच्या खोलीत जागा द्या, बाकी मी बघतो," असे म्हणाला. मी पस्तीस वर्षे कापड विकले आहे, समुद्रातल्या जिवांची मला माहिती नव्हती. पण माल कोणताही असो, भांडवल घालण्यापूर्वी त्याची जात, त्याची घट आणि त्याचे कागद पाहावेत, एवढे मला ठाऊक होते. त्या मुलाबरोबर मी जे शिकलो, जे नुकसान सोसले आणि ज्या मोठ्या संकटातून आम्ही थोडक्यात वाचलो, ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख आहे.

प्रवाळ म्हणजे काय?

आपल्याकडे प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे आठवते. उर्दूत त्याला मर्जान म्हणतात आणि सूरह रहमानमुळे हा शब्द आपल्या घरोघरी माहीत आहे. पण अंगठीचे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या प्रवाळाचे असते. ते अतिशय सावकाश वाढते. घरच्या टाकीत ते तयार होईल अशी आशा कोणी धरू नये.

टाकीत वाढवतात ते प्रवाळ निराळे. ते झाड नाही, दगडही नाही. तो प्राणी आहे. एकेक जीव मोहरीपासून हाताच्या पंजाएवढा असतो. त्याला एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक सोंडा असतात. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. हे शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते. म्हणून या प्राण्याला उजेड लागतो. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. कापड ब्लीच केल्यावर पांढरे होते, तसाच हा प्रकार दिसतो. फरक एवढाच की कापड टिकते, आणि असे प्रवाळ लवकर सावरले नाही तर उपाशी मरते.

प्रवाळाचे ढोबळ दोन प्रकार धरावेत. काही प्रवाळ पाण्यातल्या चुन्यापासून कठीण सांगाडा बांधतात आणि त्यांचेच समुद्रात खडक होतात. हे कठीण प्रवाळ. दुसरे मऊ, चामड्यासारखे. त्यांना बाजारात 'लेदर' म्हणतात. 'मश्रूम' म्हणून विकले जाणारे जीव कठीण प्रवाळांचे जवळचे नातेवाईक आहेत, पण त्यांना सांगाडा नसतो. हा फरक नीट लक्षात ठेवावा. पुढचा सारा कायदा याच फरकावर उभा आहे.

आधी कागद, मग काच

बहुतेक लोक आधी टाकी आणतात आणि कायद्याची चौकशी शेवटी करतात. आम्हीही तेच केले.

२०२३ साली पुतण्याला फोनवर एक विक्रेता भेटला. फांद्यांच्या कठीण प्रवाळाचे दहा तुकडे, दर तुकडा दीड हजार, माल थर्माकोलच्या पेटीत कुरियरने येईल, असा सौदा ठरला. मुलाने ५,००० रुपये आगाऊ पाठवले. मी फक्त एवढेच म्हणालो, "बिल कसे येणार ते विचार." उत्तर आले की बिलावर 'डेकोरेशन स्टोन' लिहून मिळेल. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पॉलिस्टर पाठवून बिलावर सूत लिहिणारा व्यापारी आपण ओळखतो. जो मालाचे खरे नाव लिहायला घाबरतो, त्याच्या मालात खोट आहे किंवा कागदात. आम्ही माल थांबवला आणि वन खात्यात जाऊन विचारले.

तिथे जे कळले ते प्रत्येकाने वाचावे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. जुलै २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचे पाच गट घालण्यात आले : खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि प्रवाळांचे संरक्षण तिच्यातही कायम आहे. आपल्या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. बोरचा वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत अंगठ्याएवढे कठीण प्रवाळ आहे. पहिल्या अनुसूचीतल्या जिवाच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. वर कमीत कमी २५,००० रुपये दंड.

जिवंत असो वा मेलेले, कायदा दोन्हींना लागतो. म्हणून टाकीच्या तळाशी घालायला मिळणारा प्रवाळाचा चुरा आणि समुद्रातून काढलेले 'जिवंत खडक' यांच्यापासूनही दूर राहावे. हे खडक बहुधा प्रवाळाचे सांगाडेच असतात. सहलीला गेलेल्या मुलांनी मालवणच्या किनाऱ्यावरून पांढरा तुकडा उचलून आणला तर तोही याच कायद्यात येतो.

कायदा किती काटेकोर आहे याचे उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. सगळ्या मिळून त्यांची जागा एखाद्या लहान चटईएवढीही नव्हती. तरी महानगरपालिकेला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या उचलून दुसरीकडे लावल्या. एवढ्या मोठ्या महापालिकेला जी सूट नाही, ती वर्ध्याच्या मागच्या खोलीला कशी मिळेल?

परदेशातून आणलेला माल चालेल, असे काही जण सांगतात. कठीण प्रवाळांची जगभरातली ने-आण साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते. निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना, आपल्या सरकारची आयात परवानगी आणि देशात आल्यावर त्या जिवाची नोंदणी, एवढे कागद लागतात. शिवाय हा व्यापार कधीही बंद होतो. इंडोनेशिया हा प्रवाळाचा मोठा निर्यातदार देश. त्याने २०१८ साली निर्यात थांबवली आणि ती २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. तेवढ्या काळात ज्यांचा सारा धंदा त्यावर होता त्यांचे काय झाले असेल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मऊ लेदर आणि मश्रूम यांची नावे २००१ च्या त्या पाच गटांत नाहीत. तरीसुद्धा घेण्यापूर्वी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जातीचे नाव लिहून अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी घ्यावे. बिलावर जातीचे नाव आणि माल कुठे वाढवला ते लिहिलेले असावे. बिल देत नसेल तर माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. आमचे ५,००० रुपये त्या विक्रेत्याकडे बुडाले. मी ते नुकसान मानत नाही. मुलाची सात वर्षे त्या किमतीत वाचली.

टाकी लहान म्हणजे काम सोपे नव्हे

नवखा माणूस समजतो की लहान टाकी म्हणजे कमी काम. खरे उलट आहे. मोठ्या गोदामात दहा मीटर कापड कमी भरले तर महिनाभर कळत नाही. फेरीवाल्याच्या गाठोड्यातून एक ताका गेला की त्याच दिवशी चूल थंड पडते. टाकीचेही तसेच. पाणी थोडे असले की मीठ, उष्णता आणि घाण यांचा प्रत्येक फरक लगेच जाणवतो.

आमची टाकी सगळ्या बाजूंनी ३० सेंटिमीटरची आहे. काठोकाठ भरली तर २७ लिटर, पण वर जागा सोडून आणि आत दगड ठेवून प्रत्यक्ष पाणी २० लिटर बसते. यापेक्षा लहान टाकीने सुरुवात करू नये. एवढ्या पाण्यात मासा ठेवू नये. दोन-तीन गोगलगाई पुरेत. टाकी सपाट आणि मजबूत टेबलावर ठेवावी, खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

समुद्राचा खडक आणता येत नाही, तर दगड कुठून आणायचा? हे काम आपल्या कारागिरांचे आहे. सिमेंट आणि चुनखडीची खडी मिसळून, ओल्या वाळूच्या साच्यात ओतून, पोकळ्या ठेवून हवा तसा खडक करता येतो. मात्र ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी दाहक होते. म्हणून असा दगड कित्येक आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी वरचेवर बदलावे, आणि दगडाचे पाणी नुसत्या पाण्यासारखे तपासणीत येईपर्यंत वापरू नये. आमच्या दगडाला दोन महिने लागले. तळाला वाळू नसली तरी चालते. साफ करायला उघडी काच सोपी.

पाणी आणि मीठ

आपल्या भागातले बोअरचे पाणी जड असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. दोन्ही या कामाला चालत नाहीत. घरच्या आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळलेले असते, तेही चालत नाही. टीडीएस मीटर ० ते ५ दाखवील असे पाणी हवे. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डीएम वॉटर बहुधा या मापात बसते. पण मीटर लावून पाहिल्याशिवाय आणि कॅन नवा असल्याशिवाय घेऊ नये. आम्लाच्या जुन्या कॅनमधले पाणी टाकीचा सत्यानाश करील.

मीठ स्वयंपाकघरातले घालू नये. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, शिवाय इतर अनेक क्षार. या कामासाठी तयार समुद्री मीठ पाकिटात मिळते. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाकिटातल्या मिठात थोडा ओलावा असतो, म्हणून लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागते. मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, एक दिवस ढवळत ठेवावे आणि मगच टाकीत घालावे. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. जिभेवर किंवा अंदाजावर काम नको.

आता आमची पहिली चूक सांगतो. टाकीतले पाणी रोज अर्धा लिटर उडून जात होते. पुतण्या रोज तेवढेच खारे पाणी घालत होता. त्याला वाटले, खारी टाकी आहे, खारेच पाणी घालावे. पण हवेत उडते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. २० लिटरमध्ये ३५ ग्रॅमप्रमाणे ७०० ग्रॅम क्षार होते. अर्ध्या लिटर खाऱ्या पाण्यातून रोज साडेसतरा ग्रॅम वाढले, दहा दिवसांत १७५. म्हणजे ७०० चे ८७५ झाले आणि लिटरला जवळजवळ ४४ ग्रॅम. टाकीतले दोन्ही मश्रूम वाळलेल्या बोरासारखे आकसले. मग रोज थोडे थोडे गोडे पाणी घालून आठवडाभरात खारेपणा खाली आणला, तेव्हा ते कसेबसे वाचले. एकदम खाली आणला असता तर त्याच धक्क्याने मेले असते.

म्हणून नियम असा : काचेवर मार्करने रेघ मारावी आणि पाणी रेघेखाली गेले की रोज शुद्ध गोडे पाणी घालून रेघेवर आणावे. खारे पाणी फक्त आठवड्याच्या बदलात, तेही जितके काढले तितकेच. २० लिटरच्या टाकीत आठवड्याला २ लिटर पुरे.

घाई करू नये

कोऱ्या कापडावरची खळ धुऊन काढल्याशिवाय रंग बसत नाही. नवी टाकीही तशीच आधी तयार व्हावी लागते. जीव जे खातो त्याच्या घाणीतून अमोनिया होतो. अमोनिया विष आहे. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जिवाणू दगडावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. त्या काळात टाकीत पाणी, दगड आणि पंप एवढेच असावे. चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ठेवले म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. तपासणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, आणि तसेच आठवडाभर टिकले, की पहिला जीव घालावा.

उजेडासाठी निळसर-पांढरा एलईडी लागतो. सुरुवातीला रोज चार तास आणि हळूहळू आठ-नऊ तास. पाणी सतत हलते राहावे म्हणून लहान पंप हवा. टाकीत तांबे किंवा पितळ कधी जाऊ देऊ नये. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते आणि या जिवांना ते मारक आहे. अत्तर किंवा तेल लागलेला हात पाण्यात घालू नये, आणि ज्या खोलीत लोबान किंवा डासांची कॉइल जळते तिथे टाकी ठेवू नये.

वर्ध्याचा उन्हाळा

या धंद्याची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. पाणी २४ ते २७ अंशांत राहावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. समुद्रातसुद्धा नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा फक्त एक अंश जास्त ऊब महिनाभर टिकली की प्रवाळ पांढरे पडू लागते. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर मेले. २०२४ मध्ये तिथे पुन्हा समुद्र तापला आणि विरंजन झाले. समुद्राची ही गत, तर २० लिटरची काय कथा?

विदर्भातल्या माणसाला कूलर समजावून सांगावा लागत नाही. वाळ्याच्या ताटीवरून पाणी उडाले की हवा गार होते. टाकीवर लहान पंखा तिरपा लावला की पाणी उडते आणि टाकी गार होते. कोरड्या हवेत तीन ते पाच अंशांचा फरक पडतो. पण याला दोन मर्यादा आहेत. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी ३३ वर येईल, आणि ते पुरेसे नाही. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की जसा कूलर निकामी होतो, तसा हा पंखाही. म्हणून वर्ध्यात हे काम करायचे तर उन्हाळ्यात एसीची खोली किंवा टाकीचा चिलर हवाच. थंडीत उलट, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ५० वॉटचा हीटर लागतो.

आमचा दुसरा धडा याचाच. मे महिन्यात आम्ही सगळे लग्नाला हिंगणघाटला गेलो. दुकान दोन दिवस बंद होते. दुपारी कित्येक तास वीज गेली. पंखा बंद, पंप बंद, खोली बंद. परत येऊन पाहिले तर पाणी ३५ अंश आणि दुर्गंधी. एक लेदर पूर्ण विरघळले होते. दोन मश्रूमपैकी एकाचा फक्त बुडखा उरला होता. त्या दिवशी पुतण्या जेवला नाही. मला तोपर्यंत ते खेळणे वाटत होते. त्याच्याकडे पाहून कळले की हा माल गाठीत बांधून ठेवता येत नाही. जीव घरात आणला की त्याची जबाबदारी गळ्यात येते. ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही आणि आपण नसताना रोज टाकी पाहणारा माणूस नाही, त्याने यात पडू नये.

वाढवणे

उरलेल्या दीड मश्रूमवर आम्ही पुन्हा काम सुरू केले. ते नागपूरच्या एका छंदी गृहस्थांनी स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेले होते आणि त्यांनी तसे लिहून दिले होते. मश्रूम आपोआपही वाढतो. सरकताना बुडख्याचा तुकडा मागे सोडतो आणि त्याचा नवा जीव होतो. धारदार नव्या ब्लेडने तोंडावरून आरपार कापला तर प्रत्येक तुकड्याला काही आठवड्यांत नवे तोंड फुटते.

अडचण एकच असते. कापलेला तुकडा बुळबुळीत असतो, डिंकाने चिकटत नाही आणि प्रवाहात वाहून जातो. इथे मात्र माझा धंदा कामी आला. ओढणीला लावतात ती बिनरंगाची पांढरी पॉलिस्टर नेट गोड्या पाण्यात साबणाशिवाय अनेकदा धुतली. एका वाटीत दगडाचे खडे, त्यावर तुकडा आणि वरून नेट ताणून रबर लावले. दोन आठवड्यांत तुकडा खड्याला चिकटला. अशा रीतीने दीडाचे अकरा व्हायला आम्हाला चौदा महिने लागले. सहा महिन्यांत चार म्हणणाऱ्यांनी ही चौदा महिन्यांची वही बघावी.

एक इशारा जिवाचा आहे. 'झोआ' नावाने बटनांसारखे रंगीत जीव विकले जातात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते आणि त्यावर उतारा नाही. असा दगड उकळत्या पाण्यात कधीही घालू नये. वाफेतून विष छातीत जाते आणि अशा प्रकारे घरची घरे आजारी पडल्याची उदाहरणे परदेशात आहेत. मुले असलेल्या घरात ते आणूच नयेत. कोणताही तुकडा कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा.

वहीतला हिशेब

आमचा पहिला खर्च असा झाला : टाकी १,१००, एलईडी ४,२००, पंप १,२००, हीटर ८००, तापमान नियंत्रक ९००, पंखा ६००, रिफ्रॅक्टोमीटर १,९००, तपासणी किट ४,५००, मीठ १,९००, दगडाचे सामान ५००. एकूण १७,६०० रुपये. यात एकही जीव नाही, इन्व्हर्टर आणि एसी घरातलेच धरले आहेत. महिन्याचे मीठ दीडशे रुपयांच्या आसपास, आणि दिवा-पंप मिळून विजेचे साधारण १५ युनिट. हे परवडते. पण उन्हाळ्यात एसी दिवसाला आठ-दहा युनिट खातो आणि तिथे सारा हिशेब उलटतो. बुडालेले ५,००० आणि मेलेले जीव वेगळे.

यातून विक्री किती झाली? एक रुपयाही नाही. अकराच्या अकरा मश्रूम टाकीतच आहेत. विकायचे ठरले तर पुन्हा लेखी चौकशी करू आणि पक्के बिल देऊ.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण तो दुसऱ्या दाराने आला. टाकी पाहायला लोक येऊ लागले. एका डॉक्टरांनी दवाखान्यात बसवायला गोड्या पाण्याची टाकी मागितली. काच कापणारा, स्टँड करणारा सुतार, सिमेंटचे खडक ओतणारा गवंडी आणि दर आठवड्याला पाणी बदलणारा पुतण्या, अशी चार माणसे त्यात लागली. आज तो सात टाक्यांची देखभाल करतो आणि त्याचे महिन्याचे पैसे बांधलेले आहेत. पाणी तपासणे, वही ठेवणे, उन्हाळ्याची तयारी करणे हे सारे तो त्या २० लिटरांत शिकला.

ज्यांना खाऱ्या पाण्याच्याच धंद्यात जायचे आहे त्यांनी समुद्रातला जीव उचलण्याऐवजी हॅचरीत जन्मलेल्या जिवांकडे पाहावे. नवी मुंबईत ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाउनफिशच्या पैदाशीचे काम सुरू केले. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर आपल्याच भगिनी शोभेच्या समुद्री कोळंबीची पैदास शिकल्या आहेत. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्यांना शिकवले. ज्या बेटाचे प्रवाळ १९९८ साली पांढरे पडले, त्याच द्वीपसमूहात लोक खडकाला हात न लावता कमाई शिकत आहेत. आपण त्यांच्यापासून हाच धडा घ्यावा.

ज्या तरुणांना ही टाकी करायची आहे त्यांनी अवश्य करावी, पण याच क्रमाने : आधी वन खात्याचे लेखी उत्तर, मग उन्हाळ्याची सोय, मग पाणी आणि मीठ, दोन महिन्यांची वाट आणि सर्वांत शेवटी जीव. आणि फोनवर कोणी स्वस्त माल देऊ लागला तर एकच प्रश्न विचारावा : बिलावर मालाचे खरे नाव लिहाल का? माझ्या पुतण्याच्या आयुष्याची सात वर्षे या एका प्रश्नाने वाचली. कापड असो की प्रवाळ, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.